बाबूसिंग टीममध्ये कसा?

रविवारी संध्याकाळी हैदर टेलर घरी आला आणि चपला न काढताच सरळ दुकानाच्या खोलीत जाऊन बसला. कमरुन्निसानं चहा आणून ठेवला, त्याकडं त्यानं पाहिलंही नाही. सुईत दोरा ओवून त्यानं एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला पाच बटणं लावली आणि पाचही काजांच्याच पट्टीवर लावली. ते पाहिल्यावर कमरुन्निसाला कळलं की डोंगरकडा आज पुन्हा हरलं.

"किती?" तिनं विचारलं.

"सहा."

"आन् आपले?"

हैदरनं शर्ट पुन्हा मांडीवर ओढला. तो बटणं उसवायला लागला.

डोंगरकड्याचा नवजवान फुटबॉल क्लब अठ्ठावीस वर्षांचा होता. तांड्यावरच्या रतनसिंग गुरुजींनी तो काढला होता. ते एका शाळेत खेळाचे मास्तर होते आणि आता निवृत्त झाले होते. पहिल्या दिवसापासून क्लबचे सगळे निर्णय तेच घेत. हैदर मात्र कधीच खेळला नव्हता. तो पाहायचा. अठ्ठावीस वर्षांत त्यानं एकही सामना चुकवला नव्हता. मुलगा कामरान जन्मला त्या दिवशीही तो हाफटाइमनंतरच दवाखान्यात पोचला होता, आणि कमरुन्निसानं ते अजून मनात ठेवलं होतं.

यंदा जिल्ह्यातल्या आठ संघांच्या साखळीत डोंगरकडा आठवं होतं. शेवटचा एकच सामना उरला होता, पुढच्या रविवारी, साखऱ्याला. तो जिंकला तर क्लब साखळीत राहणार होता, नाहीतर बाहेर. आणि साखरा पहिल्या नंबरवर होतं. हा सामना जिंकला की कप त्यांचा.

शिरड शहापूरच्या मैदानावर त्या दिवशी जे घडलं ते हैदरनं रात्रीच्या जेवणापर्यंत कमरुन्निसाला तीनदा सांगितलं. गोलकीपर बाबूसिंग चव्वेचाळीस वर्षांचा. तिसरा गोल झाला तेव्हा चेंडू इतका हळू येत होता की मैदानातल्या एका कुत्र्यानं तो ओलांडला. बाबूसिंग वाकला, पण पोट आड आलं, आणि चेंडू दोन पायांमधून निवांत आत गेला. पाचव्या गोलाच्या वेळी तो पायमोज्यातला मोबाईल काढून कुणाशी तरी बोलत होता.

"आता मला सांग, असला कीपर कोण ठेवील?" हैदर म्हणाला. "चूक व्हते. एकदा व्हते, दोनदा व्हते. तीन वर्षं दर रविवारी तीच चूक व्हत असंल त त्याला मी चूक म्हणत न्हाई. यात कोनाचं तरी काही तरी हाय."

कमरुन्निसा म्हणाली, असंल. आणि भाकरी वाढली.

हैदरचं दुसरंही एक म्हणणं होतं, पण ते तो मोठ्यानं बोलत नसे. कामरान सहा वर्षं याच टीममध्ये लेफ्ट विंगला खेळत होता. त्या अकरा जणांत खेळणारा असा तोच एक, हे हैदरला पक्कं ठाऊक होतं. पण चेंडू त्याच्यापर्यंत येतच नसे. चेंडू पाठवायचं काम होतं योगेशचं, आणि योगेश मैदानात अजिबात पळत नसे. नुसता उभा. हैदर दर रविवारी दोरीच्या बाहेरून घसा कोरडा होईपर्यंत "पळ की रे, योगेश" म्हणून ओरडायचा. योगेश त्याच्याकडं बघायचा आणि पुन्हा उभाच राहायचा. पोराला मुद्दाम चेंडू देत नाहीत, असा हैदरला बऱ्याच दिवसांपासून वास येत होता.

सोमवारी सकाळी त्यानं तासभर दुकान बंद ठेवलं आणि रतनसिंगांना गाठलं. ते पारापाशी चहा पीत बसले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हैदरनं सरळ विचारलं, की रतनभाऊ, बाबूसिंगला काहून ठेवून राहिले?

रतनसिंगांनी कप खाली ठेवला. तंबाखू मळली. मग हैदरकडं न बघता म्हणाले, "त्याच्याबिगर न्हाई जमत, हैदर." आणि लगेच यंदा तुरीला भाव कसा राहील यावर बोलायला लागले.

हैदर परत आला तो आणखी अस्वस्थ होऊन. रतनसिंग असे नजर चुकवणारे नव्हते. शाळेत असताना एकदा त्यांनी सगळ्या गावासमोर सरपंचाच्या मुलाला उठाबशा काढायला लावल्या होत्या. असा माणूस साध्या प्रश्नावर तुरीवर जातो म्हणजे काय?

मंगळवारी उत्तर आपणहून समोर आलं, निदान हैदरला तरी तसं वाटलं. तांड्यावरच्या रूपाबाईचे दोन झंपर शिवून झाले होते, ते द्यायला तो सकाळी अकराच्या सुमाराला गेला होता. रूपाबाईच्या ओट्यावरून रतनसिंगांचं घर समोरच दिसे. तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली. गाडीवरच्या माणसाला हैदरनं लगेच ओळखलं. साखऱ्याच्या टीमचे सर. मागच्या सीटला एक भरलेलं पोतं बांधलेलं होतं. सर आणि रतनसिंग दोघांनी मिळून ते उतरवलं, घरात नेलं आणि आतून दार लावून घेतलं.

हैदरच्या हातातले झंपर तसेच राहिले. भर अकरा वाजता तांड्यात कोणी दार लावत नाही. माणूस घरात नसला तरी लावत नाही.

घरी येऊन त्यानं कमरुन्निसाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोत्यात हळद असंल.

"हळद इथून जाते," हैदर म्हणाला. "साखऱ्याहून डोंगरकड्याला हळद कोन आनील?"

यावर तिच्याकडंही उत्तर नव्हतं. आणि बायकोकडं उत्तर नाही म्हटल्यावर हैदरचा संशय पुराव्याच्या जवळपास पोचला.

बुधवारी दुपारी त्याला राहवेना. मोबाईलचं दुकान चालवणारा फहीम त्याच्यासारखाच क्लबचा जुना पाहणारा होता. सामन्यानंतर दोघं बसून रतनसिंगांच्या निर्णयांची चिरफाड करत. त्यालाच कळवावं म्हणून हैदरनं मोबाईल हातात घेतला. चष्मा मशीनवर राहिला होता. त्यानं अंदाजानंच नाव दाबलं आणि लिहिलं, 'रतनभाऊनी रविवारची मॅच साखऱ्याला देऊन टाकली असा मला दाट संशय आहे. पोतं मी डोळ्यानं पाहिलं. बाबूसिंग पण त्यात आहे. कोणाला बोलू नको.'

दहा मिनिटांनी पॅन्टचं माप द्यायला एक गिऱ्हाईक आलं आणि कंबरेला टेप लावून घेता घेता त्यानं विचारलं, "पोत्यात काय व्हतं, हैदरभाई?"

हैदरनं चष्मा लावला. निरोप फहीमला गेलाच नव्हता. तो गेला होता 'नवजवान क्लब डोंगरकडा' या ग्रुपवर. ग्रुपमध्ये एकशे त्रेचाळीस माणसं होती. सगळे खेळाडू होते, रतनसिंग होते, साखऱ्याला दिलेल्या दोन लेकी होत्या आणि त्यांचे नवरेही. हैदरनं घाईघाईनं निरोप पुसला. तो त्याच्या मोबाईलवरून नाहीसा झाला, तेव्हा त्याला थोडं बरं वाटलं. संध्याकाळी कामराननं त्याला समजावून सांगितलं, की अब्बा, तुम्ही तो फक्त तुमच्यापुरता पुसला, बाकी एकशे बेचाळीस जणांकडं तो तसाच आहे.

त्याआधीच, चार वाजता, बाबूसिंग ग्रुपमधून बाहेर पडला. काही लिहिलं नाही, नुसता गेला. त्याच्यामागं त्याचे दोन पुतणे गेले. ते डिफेन्सला खेळत. मग रतनसिंगांचा निरोप आला. ते ग्रुपवर सामन्याची वेळ सोडून कधीच काही लिहीत नसत. त्यांनी लिहिलं होतं, 'आजपासून टीम हैदर बघील. रविवार, साखरा, दुपारी चार.' त्याखाली एकसष्ट जणांनी अंगठे दिले.

कमरुन्निसानं ते वाचलं आणि मोबाईल नवऱ्याच्या हातात दिला.

"करा आता टीम," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर हैदरला आधी लाज वाटली, पण लाजेच्या खाली थोडा आनंदही होता. तीन वर्षांपासून अकरा जणांची एक टीम त्याच्या डोक्यात तयार होती. तीत बाबूसिंग नव्हता, योगेशही नव्हता. गुरुवारी सकाळी तो तीच टीम बांधायला निघाला. गोलमध्ये त्यानं फहीमला घ्यायचं ठरवलं होतं. फहीम सहा फूट उंच, हात लांब, आणि दुकानाच्या वरच्या फळीवरचे खोके तो उभ्यानं काढायचा.

फहीम तयार झाला, पण त्यानं दोन गोष्टी विचारल्या. पहिली म्हणजे, खेळाडूंची नावं तर स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच द्यावी लागतात, मग माझं नाव आता कसं चालेल? दुसरी म्हणजे, साखऱ्याला जायचं कशात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हैदरकडं नव्हतं, म्हणून तो दुसऱ्याकडं वळला. साखरा म्हणजे हिंगोली ओलांडायची, सेनगाव ओलांडायचं आणि त्याच्याही पुढं. एसटीनं जायचं तर रविवारी गाड्या कमी, दोनदा गाडी बदलून संध्याकाळी सहाला पोचणार, म्हणजे सामना संपल्यावर. हैदर गावातल्या तीन पिकअपवाल्यांकडं गेला. फेब्रुवारी संपत आलेला, शिवारात सगळीकडं हळद शिजत होती आणि गाड्यांना दम नव्हता. तिघांनीही हात जोडले. त्यातला एक म्हणाला, की हळदीच्या दिवसांत रविवारची भाडी सोडून पोरं नेणारा या गावात एकच येडा आहे, तीन वर्षांपासून नेतो, त्याच्याकडं जा.

तो येडा म्हणजे बाबूसिंग.

हैदर रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभा राहिला. बाबूसिंगच्या गाडीतून टीम जाते हे त्याला माहीत होतंच. गाडीत आदल्या दिवशीची हळद सांडलेली असायची आणि मागं बसलेले खेळाडू मैदानावर पिवळे होऊन उतरायचे. पण गाडी हे काही टीममध्ये असण्याचं कारण असू शकतं, असं त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मैदानात पायमोज्यातून मोबाईल काढून बाबूसिंग कुणाशी बोलत असेल, हेही त्याला आत्ता कळलं. तो भाड्याला नाही म्हणत होता.

खेळाडूंची ओळखपत्रं रतनसिंगांकडं होती. ती आणायला हैदर तांड्यावर गेला. मनातून त्याला वाटत होतं की रतनसिंग घरी नसावेत, आणि ते नव्हतेच. शेतात गेले होते. त्यांच्या बायकोनं, नानीबाईनं त्याला बसायला घातलं, पाणी दिलं, आणि ओळखपत्रांचा गठ्ठा एका वहीसकट त्याच्या पुढ्यात ठेवला.  हैदरनं पाणी तसंच बाजूला ठेवलं.

त्यानं वही उघडली. पहिल्या पानावर रतनसिंगांच्या ठसठशीत अक्षरात यंदाच्या अकरा जणांची नावं होती. राखीव कोणी नव्हतं, कारण बारावा माणूस मिळाला नव्हता. आणि प्रत्येक नावापुढं एक शब्द होता.

बाबूसिंगपुढं लिहिलं होतं, गाडी. त्याच्या दोन्ही पुतण्यांपुढं, बाबूसिंगसोबत. रूपसिंगपुढं, मैदान, कारण सराव चालायचा ती पड जमीन त्याच्या बापाची होती. एकापुढं बर्फ होतं, मुका मार लागला की तोच आणायचा. एकापुढं चुना, त्याचं बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं आणि मैदानावरच्या रेघा त्याच्याच चुन्यानं मारल्या जात. हैदर एकेक शब्द वाचत खाली आला. नवव्या ओळीवर थांबला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा वाचलं.

कामरान. जर्सी.

सहा वर्षांपूर्वी कामरान टीममध्ये आला, त्याच वर्षी हैदरनं नांदेडहून कापड आणून सगळ्यांच्या जर्सी शिवल्या होत्या. तेव्हापासून दरवर्षी शिवत होता. मोठ्या खेळाडूच्या बापाला हे शोभतं, असं त्याला वाटायचं. आता तो बसल्या जागी कामरानचे गोल आठवायला लागला. सहा वर्षांत एक आठवला. तोही पाठीला लागून गेला होता, आणि कामरानला तो नंतर कळला होता.

सगळ्यात शेवटी योगेशचं नाव होतं. त्याच्यापुढं रतनसिंगांनी लिहिलं होतं, खेळतो.

अकरा जणांत हा शब्द एवढ्या एकापुढंच होता. हैदर वहीकडं बघत राहिला. योगेश पळत नाही, हे खरंच होतं. पण आता नीट आठवल्यावर त्याच्या लक्षात आलं की योगेशला पळावं लागत नाही. चेंडू जिथं येणार असतो तिथं तो आधीच उभा असतो. तीन-चार वर्षं हैदर गावातल्या एकमेव फुटबॉलपटूवर ओरडत होता.

नानीबाई आत गेली आणि कोपऱ्यातलं पोतं फरफटत घेऊन आली. हैदरनं विचारलं नव्हतं, पण तिनं त्याच्यासमोर पोत्याचं तोंड सोडलं आणि ते उलटं केलं. जमिनीवर बुटांचा ढीग पडला. खेळायचे जुने बूट, काही फाटलेले, बरेचसे चांगले.

"साखऱ्याच्या सरच्या शाळेत पडून व्हते," नानीबाई म्हणाली. "आपल्या पोरांच्या पायात धड काही न्हाई म्हनून ह्यांनी मागितले. साखऱ्याचे बूट घालून साखऱ्यासंगं खेळायचं म्हनल्यावर पोरं लाजतील, म्हनून कोनाला कळू द्यायचं नव्हतं. दार लावून दोघं जोड्या लावत बसले व्हते."

हैदर बुटांकडं बघत म्हणाला, "मी लई वंगाळ केलं, भाबी."

"व्हय," नानीबाई म्हणाली, आणि बूट परत पोत्यात भरायला लागली.

तिथून हैदर थेट बाबूसिंगच्या शेतावर गेला. बाबूसिंग हळद शिजवायच्या कढईपाशी उभा होता, कोपरापर्यंत पिवळा. हैदरनं कसलीही प्रस्तावना न करता माफी मागितली. बाबूसिंगनं ऐकून घेतलं. कढईखालचं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाला, "गाडी आनतो मी. पुतनेबी येतील. पन गोलमधी न्हाई उभा राहत."

"मंग?"

"पुढं खेळीन. तीन वर्षं झाले हैदरभाई, मी नुसते दुसऱ्याचे गोल पाहून राहिलो. सेंटर फॉरवर्ड."

हैदरनं त्याच्या पोटाकडं पाहिलं, मग लांब उभ्या असलेल्या पिकअपकडं पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

"नऊ नंबर पाहिजे पाठीवर. गोल मारनाऱ्याचा."

"बरं."

नऊ नंबर बाबूसिंगच्या मापाचा करायचा म्हणजे दोन जर्सी जोडून एक करावी लागणार होती. ते काम हैदरनं शुक्रवारी केलं. बाबूसिंगच्या रुंद पाठीवर तो आकडा असा दिसला की वाचायला मैदानात यायचीही गरज नव्हती.

आता गोलमध्ये कोण, हा प्रश्न राहिला. नवं नाव चालणार नव्हतं, त्यामुळं जे अकरा होते त्यांतलंच कोणीतरी उभं करणं भाग होतं. हैदरनं एकेकाला विचारलं. सगळ्यांनी नाही म्हटलं, कारण समोर साखरा होतं. मग शनिवारी जेवताना त्यानं कामरानला विचारलं, लेफ्ट विंग सोडून गोलमध्ये उभा राहशील का? विचारताना त्याची नजर ताटावर होती.

"मला कुठंबी उभं करा, अब्बा," कामरान म्हणाला. "पळायचं नसलं की झालं."

 कामराननं भाकरीचा तुकडा मोडला आणि हळूच म्हणाला, "तुमी वही पाहिली ना?"

"तुला माहीत व्हतं?"

"रतनकाकानं पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं. म्हनले, तुझ्या बापाला लई आनंद झालाय, त्याला बोलू नको."

कमरुन्निसा उठून पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही. हैदरला वाटलं ती रडत असेल. पण आतून हसण्याचा दाबलेला आवाज आला, म्हणजे तिलाही माहीत होतं.

रविवारी पिकअप निघाली. मागं खेळाडू, पुढं बाबूसिंग आणि त्याच्या शेजारी हैदर. तांड्याच्या फाट्यावर रतनसिंग उभे होते. गाडी थांबल्यावर ते मागं चढून बसले. टीमचं तुझं तू बघ, मी पाहायला येऊन राहिलो, एवढंच त्यांनी सांगितलं. पोत्यातले बूट त्यांनीच वाटले. ते पोतं कुठलं, हे सांगावं लागलं नाही. सगळे ग्रुपवर होतेच.

साखऱ्याच्या मैदानाभोवती सगळं गाव जमलं होतं. कपावर लाल रिबीन बांधून तो टेबलावर मांडला होता. डोंगरकड्याची टीम पिवळ्या पाठींनी मैदानात उतरली आणि साखऱ्याच्या सरांनी ती पाहिली. हैदरचा निरोप त्यांच्यापर्यंतही पोचलेला होता, डोंगरकड्याच्या त्या दोन जावयांकडून. सामना दिला-घेतला असं आपल्या नावावर येऊ नये म्हणून ते सकाळपासून डोळ्यांत तेल घालून होते. त्यांनी पाहिलं, की डोंगरकड्यानं एका आठवड्यात मास्तर बदलला. कीपर बदलला. आणि तीन वर्षं गोलमध्ये उभा असलेला तो प्रचंड माणूस आता सगळ्यात पुढं उभा आहे, पाठीवर हातभर नऊ घेऊन.

सरांना एकच वाटलं. यात काहीतरी आहे.

त्यांनी आधी एक खेळाडू बाबूसिंगवर लावला. बाबूसिंग मैदानाच्या मधोमध दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता आणि अजिबात हलत नव्हता. त्यामुळं सरांना आणखी शंका आली. त्यांनी दुसरा लावला. वीस मिनिटांनी बाबूसिंग सहज म्हणून उजव्या बाजूला चालत गेला, तर दोघं त्याच्यासोबत गेले, आणि सरांनी बाहेरून ओरडून तिसऱ्याला पाठवलं. तो पाणी प्यायला दोरीपाशी आला तेव्हा तिघंही त्याच्याभोवती उभे राहिले. बाबूसिंगनं त्यांनाही पाणी विचारलं.

एवढी वर्षं गप्प बसणारे रतनसिंग त्या दिवशी दोरीच्या बाहेर होते, आणि तिथं त्यांना वेगळंच काही झालं. बाबूसिंगला काहून पुढं ठेवलं, स्वतःच्या पोराला काहून गोलमध्ये घातलं, तुला खेळातलं काही कळतं का, असं ते हैदरला पहिल्या मिनिटापासून ओरडून विचारत होते. हाफटाइमपर्यंत त्यांचा घसा बसला. उरलेला सामना ते हातवारे करून विचारत राहिले. हैदर बाकावर बसून घाम पुसत होता. गेल्या अठ्ठावीस वर्षांत आपण या माणसाला काय काय ऐकवलं हे त्याला आठवत होतं.

साखऱ्याचं आक्रमण जोरात होतं, पण तिघं जण बाबूसिंगकडं अडकल्यामुळं मागं मोठी जागा मोकळी पडत होती. कामराननं दोन चेंडू हातानं अडवले, एक छातीनं आणि एक तोंडानं. तोंडानं अडवलेला सगळ्यात चांगला होता. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना त्यानं चेंडू नुसता डोळे मिटून लांब मारला. तो जिथं पडला तिथं योगेश उभा होता. बराच वेळ झाला तिथंच उभा होता. आसपास कोणी नव्हतं. त्यानं चेंडू पायाखाली घेतला, दोन पावलं टाकली आणि कोपऱ्यातून आत सरकवला.

त्या क्षणी साखऱ्याचे तिघं पाठ करून बाबूसिंगला धरून उभे होते. त्यांना गोल झालेला लोकांच्या आवाजावरून कळला.

एक-शून्य. डोंगरकडा साखळीत राहिलं आणि कप दुसऱ्याच गावाला गेला. परतीच्या वाटेवर हैदरनं रतनसिंगांना टीम परत घ्यायची विनंती केली. रतनसिंगांनी बसलेल्या घशानं सांगितलं की नको, आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला फुटबॉलमध्ये मजा आली. योगेशपाशी जाऊन हैदरनं त्याची माफी मागितली. योगेश म्हणाला, तुमचा आवाज लांबून यायचा, काय म्हणता ते कधी कळलं नाही.

सोमवारी संध्याकाळी हैदरचा फोन वाजला. जर्सीच्या पाठीवर 'हैदर टेलर्स' आणि खाली फोन नंबर छापलेला होता, तो पाहून कोणीतरी लावला होता. पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"साखऱ्याहून पारुबाई बोलून राहिले मी. डोंगरकड्याची टीम तुमीच बगता नं?"

हैदरनं हो म्हटलं. मग पारुबाईनं सांगितलं की तिचा नातू साखऱ्याच्या टीममध्ये खेळतो, आणि पंधरा वर्षं झाली, तिनं एक सामना चुकवला नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं, की पहिल्या नंबरची टीम शेवटच्या नंबरला हरत नसते. आणि कोणताही शहाणा माणूस एका जाड्या माणसावर तीन पोरं उगाच लावत नसतो. या सरांवर ती दोन वर्षांपासून डोळा ठेवून होती. आता फक्त तिला खरं कळायला हवं होतं.

"मी कोनाला सांगत न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "आमच्या सरला तुमी काय दिलं तेवढं सांगा."

हैदरला त्या बाईबद्दल एकदम माया वाटली. इतक्या वर्षांत आपल्यासारखा विचार करणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. तो मशीन बाजूला सारून नीट बसला आणि त्यानं तिला सगळं खरं खरं सांगितलं. सरांना आम्ही काहीच दिलं नाही. तो जाडा माणूस पुढं होता, कारण गाडी त्याची होती, आणि पुढं खेळू दिलं तरच गाडी आणीन, असं तो म्हणाला होता. गोलमध्ये माझा पोरगा होता, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. बेत वगैरे काही नव्हता, पारुबाई. आम्ही हरायलाच आलो होतो.

 मग पारुबाई म्हणाली,

"सांगायचं नसंल त नका सांगू, भाऊ. पन म्हातारीला असलं काही तरी सांगू नका."

आणि तिनं फोन ठेवला.